हिंदुरावाच्या वडापचा बेस

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा वडापवाला होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो कुणी त्याच्या तोंडावर वापरत नसे, कारण सीटमागं पैसे घेऊन बाजाराला माणसं नेणारी गाडी, म्हणजे वडाप, एकट्या त्याचीच होती. त्याचं नाव हिंदुराव.

मग गावात दुसरं वडाप आलं. त्यात गाणी वाजायची. तेव्हापासून लोक त्या गाडीत एकमेकांच्या मांडीवर बसून जायला लागले आणि हिंदुरावाच्या गाडीत हिंदुराव एकटाच मोकळा बसायला लागला.

त्याची बायको शालन म्हणाली, "अवो, आपल्या गाडीतबी गाणी बसवा. न्हाईतर गाडीत कोंबड्या तरी पाळा."

हिंदुरावानं दोन दिवस कोंबड्यांचा विचार केला. मग शालननं त्याला ढकलूनच तालुक्याला पाठवलं.

तालुक्याला दस्तगीर मिस्त्रीचं गाडीच्या टेपचं दुकान होतं. "स्वस्तातलं पण दणदणीत द्या," हिंदुराव म्हणाला. मिस्त्रीनं एक टेप, दोन स्पीकर, एक काळा अँप्लिफायर, बोलायला एक माईक आणि ताटाएवढा सबवूफर काढून ठेवला. खोक्यावर लिहिलं होतं, पाच हजार वॉट.

"एवढी वीज आमच्या अख्ख्या गावात येत न्हाई."

"छापलंय का नाही? मग आहे," मिस्त्री म्हणाला. "आता नीट ऐका. लाल वायर लालला, काळी काळीला. सबवूफरला चांगली घट्ट लाकडी पेटी लागते. पुढून गोल भोक पाडायचं, आत कापूस भरायचा. आणि काचा हलल्या पाहिजेत. काचा हलल्या की समजायचं, बेस आला."

"बरं," हिंदुराव म्हणाला आणि त्यानं ते डोक्यात पक्कं बसवलं. डोक्यात जागा भरपूर होती.

घरात चांगली घट्ट पेटी एकच होती. शालनच्या माहेरची, शिसवी, पितळी कडीची. हिंदुराव काही अगदीच हा नव्हता. त्यानं आधी आतल्या साड्या बाहेर काढल्या, मगच भोक पाडलं. कापूस नव्या गादीत होता, तो काढून पेटीत भरला. लाल वायर लालला, काळी काळीला. गाणं लावलं. गाणं वाजलं, पण काचा ढिम्म. आवाज वाढवला, तरी ढिम्म. मग हिंदुरावानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खिडक्यांचे सगळे स्क्रू ढिले केले. काचा खडखडायला लागल्या.

"आला बेस," तो म्हणाला.

शालन रानातून आली.

"माझी पेटी कुठाय?"

"गाडीत."

"आणि गादी?"

"पेटीत."

शालन मटकन खाली बसली. बसायला गादी नव्हती, ते तिला लागलंही. "अवो, माझ्या आईनं दिलेली पेटी ती! हितनं पुढं कशालाबी हात लावायच्या आधी मला इचारायचं! कळलं?"

"बरं," हिंदुराव म्हणाला. शालनच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं मनात म्हटलं, आता हे विसरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हिंदुरावानं गाणं लावल्याबरोबर गाडी भरली. मांडीवर मांडी. निवृत्त झालेले गुरवमास्तर पुढच्या सीटवर बसून मान हलवत होते. हिंदुरावाची छाती फुगली. एवढ्यात ओढ्याच्या वळणावर एक म्हैस आडवी आली.

हिंदुरावाचा पाय ब्रेककडं गेला आणि थांबला. हात लावायच्या आधी विचारायचं. ब्रेक पायानं दाबतात हे खरं, पण पाय म्हणजे हाताचाच धाकटा भाऊ. त्यानं फोन लावला.

"शालन, म्हैस आडवी आलीया. ब्रेक लावू का?"

"आँ?" शालन म्हणाली.

तिनं दुसऱ्यांदा 'आँ' म्हणेपर्यंत गाडी म्हशीला वळसा घालून कडब्याच्या गंजीत घुसली होती. ढिल्या काचा सगळ्या गळून पडल्या. म्हशीनं गाडीच्या टपावरचा कडबा खायला सुरुवात केली.

गुरवमास्तर कानातलं कुसळ काढत ओरडले, "अरे शहाण्या, संकट दिसल्यावर विचारत बसायचं असतं का? संकट दिसलं की आधी हॉर्न दाबायचा!"

"बरं, मास्तर," हिंदुराव म्हणाला. मास्तरांचं म्हणणं त्यानं लगेच पाठ केलं. शाळेत असताना हे कधी जमलं नव्हतं.

गाडी गंजीतून ओढून काढली आणि ती तालुक्याच्या बाजारात पोचली. काचा नसल्यामुळं गाणं आता पार चौकापर्यंत ऐकू जात होतं. लोक वळून बघत होते. तेवढ्यात मागच्या सीटखालून धूर यायला लागला.

संकट. हिंदुरावानं हॉर्न दाबला.

धूर वाढला. त्यानं हॉर्न जास्त जोरात दाबला. भाजीवाल्या बायकांनी पाट्या मागं ओढल्या, एका बैलगाडीनं वाट दिली, पुढं सगळा रस्ता मोकळा झाला. धूर मात्र हटेना. मागं बसलेली माणसं खोकत खोकत खिडक्यांतून बाहेर पडली. काचा नव्हत्या ते बरं झालं.

समोरच्या दुकानातून दस्तगीर मिस्त्री धावत आला. त्यानं बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली. तोवर अर्धी सीट जळाली होती.

"अहो, धुराला हॉर्न वाजवतात का? धूर दिसला की काहीही बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, आधी वायर उपटायची!"

"बरं, मिस्त्री."

मिस्त्रीनं जळकी वायर काढून जाड वायर घातली. आधीची ती बारीक वायर त्यानंच दिली होती, पण हे बोलायचं तो विसरला.

पुढच्या आठवड्यात सरपंच आबासाहेबांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. आबासाहेबांना अशा दिवशी भाषण करायला आवडायचं. अशा दिवशी म्हणजे कोणत्याही दिवशी. त्यांनी हिंदुरावाची गाडी दारात उभी करायला लावली आणि माईक हातात घेतला. आत भटजींचा होम चालला होता.

"या बंगल्याचा पाया," आबासाहेब म्हणाले, "मी माझ्या घामानं..."

बंगल्याच्या खिडकीतून धूर आला.

हिंदुराव उठला. काहीही बघायचं नाही. त्यानं आधी गाडीच्या बॅटरीची वायर उपटली. धूर काही थांबला नाही. मग त्यानं मंडपाची वायर उपटली. मग भिंतीवरच्या मीटरची. माईक गेला, दिवे गेले, पंखे गेले, आमरस गार करायला ठेवलेला फ्रीज गेला. आबासाहेबांचा घाम तेवढा खरोखर आला.

भाषण अर्ध्यात तुटलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

आबासाहेबांनी हिंदुरावाची गचांडी धरली. "गाढवा! कार्यक्रम चालू असताना आवाज बंद पडतो? ध्यानात ठेव, माझ्या कार्यक्रमात एक क्षणही शांतता झालेली मला चालणार नाही! मी बोलायचा थांबलो रे थांबलो की गाणं लागलं पाहिजे!"

"बरं, आबासाहेब."

हिंदुरावानं घरी जाऊन शालनला सांगितलं, "सरपंचांनी स्वतः शिकवलंय. आता चूक हुणार न्हाई."

शालन साड्या पोत्यात भरत होती.

पंधरा दिवसांनी आबासाहेबांचे चुलते दौलूनाना वारले. वीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. नानांनी एकदा निवडणुकीत आबासाहेबांना पाडलं होतं. त्यामुळं शोकसभा मोठी ठेवली होती. शाळेच्या पटांगणात सगळा गाव आला. नानांच्या फोटोला हार घातला. हिंदुरावाची गाडी व्यासपीठाला खेटून उभी केली.

आबासाहेब पाऊण तास बोलले. शेवटी त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

"माझा आधारवड गेला. आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहून नानांना श्रद्धांजली वाहू."

सगळा गाव उभा राहिला. माना खाली गेल्या. आबासाहेब बोलायचे थांबले.

थांबले रे थांबले, तोच हिंदुरावानं गाणं लावलं.

हळदीला वाजतं ते. शिसवी पेटी धडधडायला लागली. पटांगणातली धूळ उडायला लागली. आबासाहेब दचकले आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागले. "बंद कर! बंद कर!" असं ते ओरडत होते, पण बेसमध्ये ते ऐकायला कुणाला येणार?

गावानं मान वर केली. बघितलं, तर सरपंच हात वर करून नाचतायत.

ग्रामपंचायतीचे सदस्य एकमेकांकडं बघायला लागले. आबासाहेब करतील ते करायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी हात वर केले. मग सोसायटीच्या संचालकांनी केले. मग शिक्षकांनी, कारण बदल्या आबासाहेबांच्या शब्दावर व्हायच्या. मग मागच्या पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. आबासाहेब घाबरून आणखी उंच उड्या मारायला लागले, तसा गावही उड्या मारायला लागला. नानांच्या फोटोभोवती गुलाल तेवढा नव्हता.

हिंदुरावाचं सगळं लक्ष घड्याळाकडं होतं. बरोबर दोन मिनिटं झाल्यावर त्यानं गाणं बंद केलं आणि घामाघूम झालेल्या आबासाहेबांच्या हातात अदबीनं माईक दिला.

"बोला साहेब पुढं," तो म्हणाला. "एक क्षणबी शांतता हू दिली न्हाई."