गुळाच्या व्यापाऱ्याचे पथ्य

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला घशाचा कर्करोग झाला. रोग वेळेत सापडला होता, आणि ज्या वृद्ध धन्वंतरी आचार्यांच्या रुग्णालयात तो आला, त्यांच्या हाताला यश होते. त्यांच्या तरुण शिष्याने उपचार चोख समजावून सांगितले. निघताना व्यापाऱ्याने हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, पथ्य काय?"

"पथ्यबिथ्य काही नाही. मनाला येईल ते खा," शिष्य घाईत म्हणाला.

औषधाच्या दुसऱ्या खेपेला व्यापारी आलाच नाही. तो एका वैदूचा काढा घेत असल्याचे कळले. शिष्याचा संताप झाला. बरा होणारा माणूस हकनाक जिवाला मुकणार! आचार्य शिष्याला घेऊन थेट व्यापाऱ्याच्या घरी गेले.

तिथे त्यांनी उपचारांचा विषयही काढला नाही. "वैदूबुवांनी पथ्य काय सांगितलंय?" एवढेच विचारले.

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. "गूळ बंद! वांगं बंद. पहाटे अंगणात फेऱ्या. सगळं कडक पाळतोय!" गुळाच्या व्यापाऱ्याला गूळ बंद, आणि स्वारी खुशीत!

"वा! आता माझंही पथ्य घ्या. पाणी उकळूनच प्यायचं. कच्चं काही खायचं नाही. जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दोन्ही वेळा ताप बघायचा. फेऱ्या चालू ठेवा. काढा मात्र बंद. माझ्या औषधाबरोबर तो यकृताला झेपायचा नाही. उद्या येताय ना?"

"न यायला काय झालं!" व्यापारी ताठ बसत म्हणाला.

परतताना शिष्य कुरकुरला, "गुरुजी, त्याची कानउघाडणी करायची सोडून आपण वांग्याची चौकशी करत बसलात?"

आचार्य थांबले. "अरे, मनाला येईल ते खा, असं आपल्याकडे कुणाला सांगतात? ज्याची आशा सोडली, त्याला. तुझं ऐकून तो मरणाची वाट पाहू लागला. वैदूने गूळ तोडला, तेव्हा त्याला वाटलं, म्हणजे मी जगणार! तो काढ्यासाठी गेला नाही रे. जगण्यासाठी आपल्याही हातून काही व्हावं, म्हणून गेला. औषध आपण देऊ, पण त्याच्या वाट्याचं काम त्याला द्यायला नको?"

दुसऱ्या दिवशी शिष्याने स्वतः व्यापाऱ्याला पथ्य पुन्हा नीट समजावून सांगितले.

पुढे व्यापाऱ्याचे केस गेले, वजन उतरले, पण त्याने एकही खेप चुकवली नाही. अखेरच्या तपासणीत रोगाचा मागमूस उरला नव्हता. बाकांवर बसलेल्या रुग्णांसमोर छाती काढून तो गरजला, "एक औषध चुकवलं नाही, एक पथ्य मोडलं नाही! मी हरवलं त्याला, मी!"

डॉक्टरांचे नावही त्याने घेतले नाही. पूर्वी शिष्याला हे झोंबले असते. आज त्याचे डोळे आनंदाने भरून आले, आणि सर्वांत आधी त्यानेच टाळ्या वाजवल्या.