बियाचं भेदरं

सावरखुट्याला एसटी फाट्यावर सोडते. तिथून गावात शिरेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भेदऱ्यांचे वाफे लागतात. भेदरं म्हणजे आपला टोमॅटोच. वऱ्हाडातली जुनी माणसं त्याला अजून याच नावाने ओळखतात. पण इथलं भेदरं बाजारातल्यासारखं नव्हे. ते हातात हलकं लागतं, टिचकी मारली की पोकळ वाजतं, आणि कापलं तर ढोबळ्या मिरचीसारखं आतून रिकामं, मधल्या गाभ्याला चिमूटभर बी चिकटलेलं. मसाला भरून शिजवायला याच्यासारखं फळ नाही. मधूनमधून एखाद्या फळाच्या देठाला लाल दोरा दिसतो. ते फळ बियाण्यासाठी राखलेलं असतं. दोऱ्याला मात्र गाठ नसते. नुसते दोन वेढे दिलेले असतात, ओढला की सुटावा असे.

पाहुणा हमखास त्या दोऱ्याकडे बोट करतो. मग पारावर बसलेले उकर्डाजी बोळके आधी त्याला दटावतात, "दोऱ्याले हात नोका लावू बाप्पा, तो तुमच्यासाठी नाई." एवढं झालं की चहा मागवतात आणि कौतिकेची गोष्ट सांगायला घेतात.

त्यांच्या पणजीच्याही आधीचा काळ, असे ते सांगतात. भेदरं तेव्हा या भागात नवीनच आलं होतं. कौतिका माळ्याची बाई, नवरा लवकर गेलेला, घरात ती आणि तिची एकुलती एक लेक गोकर्णा. दोघी मिळून विहिरीखालचा तुकडा कसायच्या. भेदरं रसानं भरलेलं असावं, अशी तेव्हाची समजूत. एखादं पोकळ निघालं तर लोक नाक मुरडून ते गाईपुढे टाकत.

एकदा असंच टाकायला काढलेलं फळ गोकर्णाने उचललं. दहा-अकरा वर्षांची होती म्हणे. वांग्यात भरतात तसं तिने त्यात शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि तिखट भरलं, वरून देठाची चकती बसवली आणि तव्यावर ठेवलं. रसाळ भेदरं असं शिजवलं की फुटून त्याची आमटी होते. हे फुटलं नाही. कौतिकेने एक घास खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. गाईपुढे टाकायचं फळ त्या दिवसापासून त्या घरात मोलाचं झालं.

मग दोघींना नादच लागला. गावाने त्यांची थट्टा करायची तेवढी केली. कोणी म्हणे, मायलेकी हवा पिकवतात. त्या आपल्या फळं पाण्याच्या घंगाळात सोडून बघायच्या. बुडालं ते बाजारात जायचं आणि अर्धं वर राहिलं ते बियाला. पोकळ फळात बी थोडं, त्यामुळे एकेक दाणा जपावा लागे. बी राखेत चोळून, फडक्यात बांधून ते चुलीमागच्या खुंटीला टांगायचं, ही तिथली रीत. असे सहा-सात हंगाम गेले. दहातली आठ फळं पोकळ निघू लागली, तोवर गोकर्णाचं लग्न झालं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली. जाताना कौतिकेने निम्मं बी राखेसकट तिच्या पदराला बांधून दिलं. उरलेलं निम्मं तिने स्वतः पेरलं. दोन घरी असलं म्हणजे बुडायची भीती नाही, असा तिचा हिशेब.

त्या वर्षी पाऊस उघडेचना. वाफ्यांवर करपा पडला आणि कौतिकेची रोपं ओळीने काळी पडली. एकच रोप कसंबसं तगलं. आश्विनात गोकर्णा सातव्या महिन्याची होऊन बाळंतपणाला आली, ती डोळ्यांत पाणी घेऊनच.

"माय, बी गेलं वो," ती म्हणाली. "महालक्ष्म्यायची भांडी घासाले आत्याबाईनं खुंटीवरची राख घेतली. त्यायले काय माहीत, तिच्यात बी हाय म्हणून!"

सासूची चूक तरी कशी म्हणावी? राख दिसली, तिने पितळ घासलं. कौतिकेने लेकीची समजूत घातली, पण त्या दिवसापासून तिचा सगळा जीव त्या एका रोपात अडकला. मार्गशीर्षात त्याला एकच फळ धरलं. टिचकी मारली, तर हवं तसं वाजलं. तिने त्याच्या देठाला लाल दोरा करकचून बांधला.

नेमकं तेच गोकर्णाच्या मनात भरलं. नववा महिना लागला होता, अन्न गोड लागत नव्हतं. तिने मायला म्हटलं, "मले भरलेलं भेदरं खावं वाटते. तुह्या हातचं."

इथे उकर्डाजी थांबतात आणि शहरातल्या माणसांना एक गोष्ट समजावून देतात. भरायला फळ घट्ट लागतं, जरा गुलाबी झालेलं. बियाला मात्र ते रोपावरच पिकून मऊ पडावं लागतं. आधी तोडलं तर बी कच्चं राहतं. एका फळात दोन्ही साधत नाही. कौतिकेपुढे एकच फळ होतं.

"बियाचं हाय माय," ती म्हणाली. "आठ रोज थांब. पुढच्या साली टोपलं भरून खाऊ घालीन."

दुसऱ्या दिवशी गोकर्णाने पुन्हा मागितलं. कौतिकेने पुन्हा तेच सांगितलं, जरा रागावूनच. तिसऱ्या दिवशी गोकर्णाने मागितलं नाही. कौतिकेला हायसं वाटलं, पोरीच्या डोक्यातून गेलं एकदाचं. ते हायसं वाटणं तिला पुढे जन्मभर टोचलं.

सहाव्या दिवशी गोकर्णाला कळा लागल्या. सुईण दिवसभर झटली. मूल आडवं होतं. दिवस मावळायच्या आत दोन्ही जीव गेले.

सासरी निरोप घेऊन गेलेला माणूस गाडीवाटेने गेला. सासू नदीतल्या पायवाटेने इकडे यायला निघालेली. दोघांची चुकामूक झाली, असे सांगतात. सकाळी मयत अंगणात असताना कुडाबाहेरून तिची हाक आली, "गोकर्णा, ये गोकर्णा! तुह्यं बी नाई गेलं वो! मोरीपाशी उगोलं! पाह्य, टोपलंभर भेदरं आणलं तुह्यासाठी!"

ती हसत हसतच दारात आली आणि समोर बघून तिथेच खाली बसली. टोपलं कलंडलं. तांबडी-गुलाबी पोकळ फळं अंगणभर घरंगळली, चार-दोन तिरडीपाशी जाऊन थांबली. कौतिका ती एकेक वेचू लागली. बायांनी हात धरला तरी ती थांबेना. "घट्ट हायेत," एवढंच ती म्हणत होती, "भराले चांगली हायेत."

दहाव्याला बाया नदीवर जात नसत, कौतिका गेली. टोपल्यातली भेदरी भरून तिने पिंडापाशी मांडली. कावळे झाडावर बसून होते, पण शिवेनात. जावयाने हात जोडून वचन दिलं, सासूनेही दिलं, दर्भाचा कावळा करायची वेळ आली. तेव्हा कौतिका घरी गेली आणि दोऱ्याचं फळ तोडून घेऊन आली. गाठ इतकी आवळलेली, की तिला ती दातांनी तोडावी लागली. फळ आता मऊ झालं होतं. भरताना ते तिच्या हातात फाटलं, बी बोटांवरून ओघळलं. तिने ते तसंच पुढे ठेवलं. तरी कावळा शिवला नाही.

मग ती वाळूत डोकं टेकून मोठ्याने रडली आणि म्हणाली, "चुकलं वो माय माह्यं. बी ठेवलं, तुले नाई ठेवलं. आजपासून या गावात पोटुशा बाईले कोणी 'बियाचं हाय' म्हणणार नाई. म्हणीन त्याचं वावर उगणार नाई."

ती उठून मागे सरली आणि कावळा उतरला. टोपल्यातल्या चांगल्या भेदऱ्यांना त्याने चोच लावली नाही. फाटलेलं तेवढं उचलून तो नदीपार गेला म्हणे.

सासूच्या मोरीवरच्या रोपांचं बी कौतिकेने गावात घरोघर वाटलं, थट्टा करणाऱ्यांनाही दिलं. हे सगळं वाण त्याच बियाचं. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. पंक्तीला, लग्नाला भरली भेदरी तिच्याच हातची लागत. तिने स्वतः मात्र ती पुन्हा कधी खाल्ली नाही.

आजही सावरखुट्यात 'बियाचं आहे' हे शब्द कोणी उच्चारत नाही. बियाण्याचं फळ नुसतं दोऱ्यानेच ओळखायचं. दिवस गेलेली बाई कोणत्याही गावची, कोणत्याही जातीची असो, तो दोरा ओढायचा हक्क तिचा. आणि अशी बाई कुंपणापाशी नुसती थांबलेली दिसली, तरी घरातली बाई हातातलं काम टाकून धावत बाहेर येते. पोटुशीला दुसऱ्यांदा मागावं लागू नये, एवढीच तिला घाई असते.