पाटीवरचा वनराज

एका मोठ्या शहरात एक मोठी बाग होती आणि बागेत दगडी कमानीचं, दीडशे वर्षांचं प्राणिसंग्रहालय होतं. सोमवारी ते माणसांना बंद असे. त्या दिवशी प्राण्यांची सभा भरे. सगळे आपापल्या पिंजऱ्यातूनच बोलत, त्यामुळे प्रत्येकाला आपण सभेच्या मध्यभागी आहोत असं वाटे. राज्यघटना एका ओळीची होती: पिंजऱ्याच्या पाटीवर लिहिलंय तेच खरं.

एका सोमवारी सकाळी म्हाताऱ्या सिंहाला हातगाडीवरून नेलं. त्याची लेक चंद्रा गजांना नाक लावून बघत राहिली. गाडी सगळ्यांच्या समोरून गेली. मोरांनी पाठ फिरवली. पाणघोडा पाण्याखाली गेला.

सभेत चंद्रा म्हणाली, "बाबा गेले. दोन मिनिटं शांत राहू या. एवढंच मागते."

"कुठे गेले?" चिटणीस लांडगेसाहेबांनी विचारलं.

लांडगेसाहेब खरं तर कोल्हा. पूर्वी कधीतरी रंगाऱ्याने लांडग्याची पाटी चुकून त्यांच्या पिंजऱ्यावर लावली, तेव्हापासून ते भारदस्त चालत. एक पाटी खोटी ठरली तर पुढची कोणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पाटी वाचा, ताई. 'सिंह, नर.' गेले असं कुठे लिहिलंय?"

"तुम्ही गाडी पाहिलीत ना, काका?"

"पाहिली. गाडीला पाटी नव्हती."

रविवारी माणसं आली. "अहो, सिंह कुठाय?" एका बाईंनी नवऱ्याला विचारलं. "आत असेल. पाटी आहे ना," ते म्हणाले, आणि त्यांनी पाटीचा फोटो काढला.

पुढच्या सोमवारी निवडणूक होती. चिटणिसांनी सिंहाचाच अर्ज भरला. वनराज गुहेत चिंतन करताहेत, असं त्यांनी जाहीर केलं. "दिसो न दिसो, राजा तोच!" पोपटांनी घसा फोडला. विरोधात कासव उभं राहिलं. पण ते उभं आहे की बसलंय, हे ठरेपर्यंत मुदत संपली. एकशे त्रेचाळीस प्राण्यांची दोनशे दहा मतं पडली. जादाची मतं प्रेमापोटी पडली, असा खुलासा झाला.

आता शपथविधीला आवाज हवा होता.

"ताई," चिटणीस मऊ स्वरात म्हणाले, "गुहेत जाऊन एक डरकाळी फोडा. मग तुमची दोन मिनिटं दिली."

चंद्रा गुहेत गेली. बाबांच्या जागेवरचं गवत अजून दबलेलं होतं. तिने तोंड उघडलं. जे बाहेर आलं, ती डरकाळी नव्हती.

"काय भाषण केलं हो!" पाणघोड्याने डोळे पुसले.

मग मौन सुरू झालं. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. दोन मिनिटं चंद्रा त्या गवतावर डोकं टेकून पडून राहिली. मग बाहेर आली.

"झालं. आता बोला सगळे."

कुणी बोललं नाही. पोपटसुद्धा नाहीत.

चिटणिसांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, घसा साफ केला आणि सतरा ठराव एकमताने मंजूर झाल्याचं सांगितलं. पहिला ठराव मौनाची मुदत पाच वर्षांनी वाढवण्याचा होता.