बंबाची वाट

"आणि तिनं हे कुणाला विचारून केलं, बाबा? सांगा ना, कुणाला विचारून?"

विश्रामनं मोबाइल पुढे केला. संतोकगीरबाबा मठाच्या भिंतीशी पहार घेऊन उभे होते. काहीतरी डागडुजी चालली असेल, असं विश्रामला वाटलं. चिडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातलं काही दिसत नाही.

"झालं काय?"

"यमुनाबाईनं नकाशात माझ्या ओट्यावर लाल खूण केली. वर लिहिलंय, 'इथे बंब अडतो.' सगळी आळी बघतेय!"

उन्हाळ्यात बुरूड आळीला आग लागली होती. बांबूच तो, बघता बघता पेटला. आगीचा बंब आळीच्या तोंडाशीच अडकला आणि यमुनाबाईचं दुकान टोपल्या-सुपांसकट राख झालं. तेव्हा आळीनं स्वतःचा नकाशा करायचं ठरवलं. वाट कुठे अडते ते कळलं, तर पुढच्या वेळी बंब आत तरी येईल.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर सभा झाली, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज विश्रामचाच. कंपनीचं कुलूपबंद नको, ओपन सोर्सच हवं! कुणीही उघडावं, कुणीही दुरुस्त करावं, काही लपून राहू नये. टाळ्याही पडल्या होत्या. मग शेजाऱ्यांचे ओटे, पायऱ्या, पत्रे यांवर त्यानं हौसेनं लाल खुणा केल्या. स्वतःचा ओटा तेवढा राहिला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"हे बदलायचं आता," विश्राम म्हणाला. "कंपनीचंच घेऊ. त्यात चावी एकाकडे असते."

"कुणाकडे?"

"म्हणजे... माझ्याकडेच राहील. राबलं कोण? मीच ना!"

बाबांनी पहार विटांच्या फटीत घातली. एक वीट निघाली.

"खूण खोटी आहे?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही! मला विचारायला नको?"

"आगीनं यमुनेला विचारलं होतं?"

बाबांचा आवाज चढला. तो असा फारसा चढत नसे.

पण हार मानेल तर विश्राम कसला!

"मी एकट्यासाठी भांडत नाही, बाबा. मठाच्या भिंतीवरही लाल खूण होती. तुमच्या मठाच्या! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काल मी ती पुसून टाकली."

"हं... पुसणारा तू होय."

"मग काय करणार? आणि आज बघतो तर पुन्हा तिथेच! कोण हा नालायक, ते मी शोधून काढणारच."

"शोधतोस कशाला? मीच तो. यमुनेनं शिकवलं मला."

आणखी एक वीट निखळली. भिंतीचा कोपरा गेला होता आणि वळणावर गल्ली चांगली हातभर जास्त रुंद झाली होती. विश्रामला ते आत्ता दिसलं. त्याचे कान तापले. राग होता की लाज, त्याचं त्यालाच कळेना.

"बाबा, मग... सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?"

बाबांनी पहारीवरची माती झटकली.

"तुला हवं ते घे. पहार मात्र आळीत एकच आहे. माझं उरकलं की तुझ्याकडे देतो."