कांबळनाथांनी दिलेले हात

भोरखडे गावाच्या वरच्या अंगाला, शेते संपून उघडा खडक लागतो तिथे, कांबळनाथ महाराजांचे वास्तव्य होते. अंगावर काळे घोंगडे, समोर धुनी आणि बोलणे अगदी मोजके. मठाची व्यवस्था रंगोपंत पाहत. माणूस कर्तबगार, सोवळ्याओवळ्याला कडक. पण महाराजांची सेवा आपल्यासारखी कोणाच्या हातून होत नाही, असा अभिमान त्यांच्या मनात घर करून बसला होता.

त्या वर्षी गावात तापाची साथ आली. घरोघरी माणसे पडू लागली, तेव्हा धडधाकट होते त्यांनी माळावर झोपड्या घातल्या. गोजरा कोष्टीण मात्र गेली नाही. तिची सासू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, तिला हलवणार कसे? एक बाई मागे राहते आहे हे कळताच जो तो आपला रोगी तिच्या पडवीत आणून ठेवू लागला. रंगोपंतांनीही आपल्या म्हाताऱ्या आईला तिथेच ठेवले. "मठाला विटाळ नको," एवढेच ते म्हणाले.

गोजरा पाणी पाजी, अंगे पुशी, घाण काढी. एकाची कूस बदलावी, तोवर दुसरा ओकारी काढी. अखेर एका सकाळी ती मठाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोळे तांबारलेले, अंगात कणकण.

रंगोपंत आडवे आले. "तिथेच थांब. या हातांनी काय काय उपसून आलीस, आणि आता मठाला शिवणार? इतक्या वर्षांत कधी भजनाला दिसली नाहीस. आज बरा देव आठवला!"

"सासूबाईंना टाकून येता येत नव्हतं, पंत," ती म्हणाली. मग तिने आत पाहून हात जोडले. "महाराज, दुसरं काही मागत नाही. हात पुरंनात मला."

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "माझे घेऊन जा."

पंत हसले. गोजराने तो आशीर्वाद समजून दुरूनच नमस्कार केला आणि ती उतरून गेली.

ती दिसेनाशी झाली, तसे महाराजांचे दोन्ही हात मांडीवर गळून पडले. पंतांनी तांब्या पुढे केला, पण हात उचलला गेला नाही. त्यांनी शिवून पाहिले. धुनीच्या इतके जवळ असूनही ते हात डोहातल्या गोट्यांसारखे थंडगार होते.

"महाराज, हे काय झालं?"

"हात इथे नाहीत," महाराज म्हणाले. "तू पाज."

तेव्हापासून घास भरवण्यापासून अंग धुण्यापर्यंत सारे पंतांकडे आले. बसवताना त्यांची कंबर भरून येई. घास सांडला की चिडचिड होई आणि मग तिचीच लाज वाटे. रोज आरतीचे ताट धरणाऱ्या माणसाला माणूस धरणे जड जात होते.

एके दिवशी भर दुपारी वारा पडला. पाखरू बोलेना. महाराज डोळे मिटून निश्चल बसले होते, आणि त्यांच्या कोरड्या बोटांवरून पाणी ठिबकू लागले. पंतांनी ते पुसले. पुन्हा थेंब आले. त्या पाण्याला कडुलिंबाचा आणि आजाऱ्याच्या अंथरुणाचा वास होता. पाहता पाहता उजव्या मनगटावर दातांचे व्रण उमटले आणि त्यांतून रक्त आले.

"महाराज, कोण चावलं?"

"वातात आहे ती. चावू दे. फार दुखतंय तिला."

"कोण ती?"

"तुझी आई."

पंत तसेच अनवाणी खाली धावत सुटले. गावात सगळी दारे उघडी होती, एकही चूल पेटलेली नव्हती, कुत्रेसुद्धा भुंकले नाही. फक्त गोजराच्या पडवीतून ओले फडके पिळल्याचा आवाज येत होता.

ते उंबऱ्यात थबकले. कोपऱ्यात गोजरा स्वतःच तापाने बेशुद्ध पडली होती. पण सारी अंथरुणे स्वच्छ होती, प्रत्येक उशाशी पाणी भरलेले होते. आणि त्यांच्या आईजवळ एक फडके अधांतरी पिळले जात होते. धरणारे कोणी नव्हते. थेंब घंगाळात पडले, फडके हलकेच म्हातारीच्या कपाळावर उतरले, आणि न दिसणाऱ्या बोटांनी त्याच्या चुण्या सारख्या केल्या.

"गोजरा," आई मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली, "मघाशी तुझ्या हाताला चावले गं मी. तरी तू तो काढून घेतला नाहीस."

पंतांना पळून जावे असे वाटले. तेवढ्यात फडके कपाळावरून उचलले गेले, हवेतून त्यांच्यासमोर आले आणि तिथेच थांबले.

कितीतरी वेळ फडके तसेच थांबून होते. शेवटी पंतांनी ते हातात घेतले. क्षणभर गार बोटे त्यांच्या बोटांना लागली. मग फडक्यात ओलाव्याखेरीज काही उरले नाही.

त्याच वेळी वर मठात महाराजांनी आपल्या हाताने तांब्या उचलला, असे सांगतात.

पंत परत गेले नाहीत. त्यांनी गोजराला पाणी पाजले, सगळ्यांची घाण काढली. ती शुद्धीवर आली तेव्हा दोघे मिळून राबू लागले. साथीत माणसे गेली, गोजराची सासूही गेली. पण कोणी तहानलेले गेले नाही, कोणी एकटे गेले नाही.

साथ ओसरल्यावर लोक माळावरून परतले, आणि महाराज स्वतः खाली आले. पंतांनी सर्वांदेखत त्यांच्या पायांवर लोटांगण घातले. महाराजांच्या मनगटावरचा व्रण अजून ओला होता.

"माझे नुसते हात होते, रंगोबा," महाराज म्हणाले. "पाय धरायचे तर त्या बाईचे धर."

रंगोपंत उठले, गोजरासमोर गेले आणि ज्या हातांना त्यांनी नावे ठेवली होती त्यांच्यापुढे त्यांनी मस्तक टेकवले. गोजरा संकोचून मागे सरली.

"उठा, पंत," ती म्हणाली. "आईंची कूस बदलायची राहिलीय. तुम्ही तिकडून धरा."

पंतांनी डोळे पुसले आणि तिकडून धरले.