आलं का गं?

घराघरावर अँटेना उभे असत त्या काळात एका गच्चीवर एक अँटेना राहायचा. वाऱ्याने तो जरा हलला की खाली टीव्हीवर मुंग्या यायच्या. मग घरमालक भिकाजी गच्चीवर चढून त्याला फिरवत ओरडायचा, "आलं का गं?" खालून त्याची बायको इंदू सांगायची, "आलं, आलं! आता हलवू नका!"

पुढे घरात डिजिटलचा डबा आला. मुंग्या गेल्या, चित्र काचेसारखं लख्ख झालं आणि भिकाजीचं वर येणं थांबलं. अँटेनाची मान ताठ झाली. "आता विचारायचं कशाला? मी पाठवलं म्हणजे पोचलंच!" असं म्हणत तो बातम्या, भजनं, क्रिकेट, सगळं हवेतून धरून वर्षानुवर्षं खाली पाठवत राहिला.

एका संध्याकाळी कावळा त्याच्या दांडीवर येऊन बसला. "कुणासाठी राबतोस रे एवढा? तुझी वायर कधीच तुटलीय. खाली दाराला कुलूप आहे. म्हातारा-म्हातारी दोघंही देवाघरी गेली."

"गेली? मला कुणी सांगितलं नाही!"

"तू कधी विचारलंस?"

वारा सुटला, तसा अँटेना कुरकुरत थोडा फिरला आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने खाली हाक मारली, "आलं का गं?"

कुलूप लावलेल्या घरातून इंदूचा आवाज आला, "आलं, आलं! आता हलवू नका!"

कावळा जो उडाला, तो पुन्हा त्या गच्चीवर फिरकला नाही. अँटेना अजून तिथेच आहे. कितीही वारा सुटला तरी हलत नाही.