फिल्टरमधून आलेली परी

शाळा समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब सामंतांनी शाळेच्या संगणकांवर वाईट मजकूर अडवणारा फिल्टर बसवला आणि मुलांशेजारी पालकांनी बसायची पाळी बंद केली. "आता वाईट शब्द आत येणारच नाही!"

त्या संध्याकाळी शाळेच्या कचेरीत पालक शेवंती परब म्हणाली, "तात्यानू, चकवा कधी शिव्या देतो? तो गोड हाक मारून वाट चुकवतो."

"भुतं घरी ठेव गो!" तात्या हसले.

"मग हे दार उघडा."

दाराबाहेर तिन्हीसांजेच्या काळोखात तात्यांची नात एकटीच उभी होती. "आजोबा, शाळेच्या संगणकावर गेममधल्या परीने मला इथे बोलावलं."

"ती परी मीच," शेवंती म्हणाली. "फिल्टरने माझा एक तरी शब्द अडवला?"

नातीने हळूच विचारलं, "मग मला उद्या नदीवर बोलावणारी दुसरी परी कोण?"

शेवंतीचा चेहरा उतरला. "ती मी नाय." तात्यांनी नातीला जवळ ओढलं. "उद्याची पाळी माझी."